इंग्लिश स्पेशल घेतलं, पुढे काय झालं ते सगळं सांगते

बीए इंग्लिश करून नोकरी लागते का, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकते. लागते. मला लागली, माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणींना लागली, फक्त ती नुसत्या डिग्रीच्या कागदावर लागत नाही, आणि मग कशावर लागते हे कॉलेजात असताना कुणी नीट बसून सांगत नाही. मी पुण्यात बीए केलं, विद्यापीठात एमए केलं, नेट (कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा) काढली, काही काळ सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, शिकवलं, मग कॉपीएडिटिंग (छापण्याआधी लेख तपासायचं काम) केलं आणि आता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिते. या वाटेवर काय काय लागलं ते सांगते, मधेच भरकटले तर सांभाळून घ्या.

मी इंदापूर तालुक्यातली, मराठी मीडियमची. इंग्लिश पहिलीपासून होतं पण ते फळ्यावरून वहीत उतरवायचं, बोलायचं नाही. बारावी आर्ट्सला बरे मार्क पडले, पुण्यात ॲडमिशन मिळाली आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. खोलीत चौघी, त्यातल्या दोघी एमपीएससीवाल्या. एफवायला ऑप्शनल इंग्लिश घेतलं होतं, एसवायला स्पेशल विषय निवडायची वेळ आली तेव्हा या ताईंनी एकच धोशा लावला, पॉलिटिकल सायन्स घे नाहीतर हिस्ट्री घे, पुढे एमपीएससीला कामाला येतं, इंग्लिश घेऊन काय करणार. त्यांचं बोलणं काळजीपोटीच होतं. घरी आप्पांना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तरकी मिळंल का?" म्हटलं मिळेल. "मग घे." झालं, विषय ठरला.

तेव्हा बीएला वार्षिक परीक्षा होती. एसवायला एक पेपर नाटकाचा आणि एक कवितेचा, टीवायला एक कादंबरीचा आणि एक समीक्षेचा, शिवाय जनरलचा. आता एक गोष्ट स्पष्टच बोलते. हे सगळे पेपर गाईड वाचून सुटतात. अप्पा बळवंत चौकात जायचं, गाईड घ्यायचं, परीक्षेआधी पंधरा दिवस पाठ करायचं, फर्स्ट क्लाससुद्धा येतो. माझ्या वर्गातले अर्ध्याहून जास्त जण असेच पास झाले. आणि नोकरीच्या टेस्टला बसल्यावर नेमके तेच अडकले, कारण तिथे समोर जे पान येतं त्याचं गाईड कुठेच मिळत नाही.

मला यातून वाचवलं ते आमच्या कवितेच्या मॅडमनी. त्या चार-सहा ओळींची झेरॉक्स वाटायच्या, वर कवीचं नाव नाही, कवितेचं नाव नाही. म्हणायच्या, पेन्सिल काढा. आधी सगळ्या क्रियापदांना गोल करा. मग कोण बोलतंय ते समासात लिहा, कुणाशी बोलतंय ते लिहा. मग असा एक शब्द शोधा की जो काढला तर ओळ पडेल. आख्खा तास त्यातच जायचा. सुरुवातीला वर्गात चुळबुळ असायची, पोर्शन कधी होणार म्हणून, कुणीतरी विचारायचंसुद्धा, आणि मॅडम शांतपणे म्हणायच्या, "पोर्शन तुम्ही घरी वाचू शकता, हे घरी होणार नाही." पुढे एमएला गेल्यावर कळलं की केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकांनी १९२० च्या दशकात पोरांना अशाच नाव झाकलेल्या कविता दिल्या होत्या आणि काय समजलं ते लिहून घेतलं होतं, त्यावरच त्यांचं १९२९ चं पुस्तक उभं आहे. तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की पूर्वी इंग्लिशचं पान बघितलं की डोळ्यापुढे भिंत यायची, आणि आता त्यात कुठून शिरायचं हे कळायला लागलंय.

कादंबरीच्या पेपरला मी हीच पद्धत वाढवली. एक दोनशेपानी वही घेतली, प्रत्येक चॅप्टरला एक पान, त्यात तीनच गोष्टी लिहायच्या. काय घडलं, या टप्प्यावर कुणाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, आणि गोष्ट सांगणारा आपल्यापासून काय लपवतोय. हे मूळ पुस्तक वाचल्याशिवाय लिहिताच येत नाही. वेळ लागतो, डिक्शनरी सारखी उघडावी लागते, पहिली कादंबरी मला दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेली संक्रांत झाली तरी संपली नव्हती. पण दुसरी निम्म्या वेळात झाली. मराठी मीडियमच्या पोरापोरींना मी हेच सांगते की पहिल्या पुस्तकाच्या वेळी स्वतःला वेळ द्या, तिथे घाई करून गाईडकडे पळालात की मग तीन वर्षं गाईडच.

बोलण्याचं विचाराल तर मी क्लास लावला नाही, फी परवडणारी नव्हती. रोज रात्री गच्चीवर जाऊन पेपरचा अग्रलेख मोठ्यानं वाचायचे, मग पेपर मिटून तोच मुद्दा आपल्या शब्दांत बोलायचा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी एकदा काळजीनं विचारून गेल्या की पोरी, कुणाशी भांडतेस का. वर्गात आम्ही चौघीपाचजणींनी ठरवलं होतं की आपापसात इंग्लिशमध्येच बोलायचं आणि कुणी कुणाला हसायचं नाही. हसायचं नाही हे महत्त्वाचं, कारण भीती ग्रामरची नसते, हशाची असते.

बीए झाल्यावर विद्यापीठात एमएला ॲडमिशन घेतली. गणेशखिंडीतलं ते कॅम्पस, मोठी झाडं, जयकर ग्रंथालय. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे १९४८-४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, त्यांच्या नावाचं हे ग्रंथालय, आणि खरं सांगते, पुण्यात इंग्लिश शिकणाऱ्या पोरांनी इथे जाऊन बसायलाच पाहिजे. मनापासून सांगतीये. तिथली रीडिंग रूम सकाळीच भरते, पण बरेचसे जण स्वतःची पुस्तकं घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतात. ज्या पुस्तकांसाठी ग्रंथालय बांधलंय त्या कपाटांपाशी त्या मानानं गर्दी कमी. मी कमवा आणि शिका योजनेत काम करायचे, त्यातून मेसचं भागायचं, आणि उरलेला वेळ त्या कपाटांपाशी. एकाच कवितेवर तीन समीक्षकांनी तीन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की आपलं मत बनवायला जो धीर येतो तो नोट्समधून येत नाही.

एमएला ॲडमिशन घेणाऱ्यांनी एक आकडा पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा, ५५ टक्के. ओपनला नेटसाठी आणि असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमएला किमान ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन क्रिमी लेयर ओबीसी यांना ५० टक्के. माझ्या ओळखीचा एक मुलगा, वाचन माझ्या दुप्पट, पण पहिल्या सेमिस्टरला हलगर्जीपणा झाला आणि शेवटी गाडी ५४ वर येऊन थांबली. त्याचं वाचन कुठल्याही फॉर्ममध्ये भरता येत नाही. म्हणून सांगते, मूळ पुस्तक वाचा म्हणजे परीक्षा सोडून द्या असं नाही.

आता नेट. मी परीक्षा द्यायला लागले तेव्हाच सगळं बदलत होतं. २०१८ मध्ये तीन पेपरचे दोन झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून परीक्षा एनटीएकडे (केंद्राच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे) गेली, कॉम्प्युटरवर आली. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न १०० मार्क, त्यात टीचिंग ॲप्टिट्यूड, रिसर्च, रिझनिंग, डेटा इंटरप्रिटेशन, उच्च शिक्षण वगैरे. दुसरा पेपर आपल्या विषयाचा, १०० प्रश्न २०० मार्क. मिळून तीन तास. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे सांगायला नको पण दरवेळी कुणीतरी सोडून येतंच. परीक्षेला बसलेल्यांच्या साधारण ६ टक्क्यांइतक्याच जणांना असिस्टंट प्रोफेसरशिपसाठी पात्र धरतात, म्हणजे नुसते मार्क पुरत नाहीत, इतरांच्या पुढे असावं लागतं.

इंग्लिशच्या पेपरची गंमत अशी की अभ्यासक्रमाचे दहा युनिट आहेत आणि आपण सगळे नाटक, कविता, कादंबरी यातच रमतो. पण पुढे भाषाविज्ञान आणि भाषा शिकवण्याच्या पद्धती आहेत, भारतातल्या इंग्लिशचा इतिहास आहे, कल्चरल स्टडीज आहे, जुनी समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरची थिअरी, आणि संशोधनाच्या पद्धती. मॅकॉलेचं १८३५ चं मिनिट (इंग्रजी शिक्षणाच्या बाजूनं लिहिलेलं सरकारी टिपण), शिक्षणाबद्दलचा १८५४ चा वुडचा खलिता, १८५७ ची तीन विद्यापीठं, हे मी बीएला कधी ऐकलंही नव्हतं आणि इथे त्यावर प्रश्न येतात. माझ्या पहिल्या वेळच्या निकालात मार्क गेले ते इथेच. मग मी भाषाविज्ञानासाठी एका ओळखीच्या ताईला गाठलं, ती डेक्कन कॉलेजात लिंग्विस्टिक्स करत होती, येरवड्याच्या त्या जुन्या कॅम्पसवर. तिच्याकडे रविवारी जायचे. तिनं फोनीम आणि मॉर्फीम (शब्दातला अर्थ असलेला सगळ्यात लहान तुकडा) मराठीतनं समजावले, फोनीम तर 'काल' आणि 'गाल' शेजारी लिहून, एक आवाज बदलला की शब्द बदलला, तर ते दोन आवाज या भाषेत वेगळे फोनीम. पुस्तकातली व्याख्या मी पाठ करूनही विसरत होते, हे आजतागायत विसरले नाही. तुमच्या आसपास असं कुणी असेल तर संकोच न करता जा.

दुसरं म्हणजे क्रम लावायचे प्रश्न. चार पुस्तकं देतात आणि प्रकाशनाच्या सालाप्रमाणे लावा म्हणतात. त्यासाठी मी खोलीच्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांची लांब पट्टी चिकटवली होती, १३०० पासून आत्तापर्यंत, आणि जे वाचलं ते त्यावर लिहित जायचं. वाचलेलंच लिहायचं, नुसतं ऐकलेलं नाही, असा नियम. त्यामुळे पट्टी हळू भरली पण पक्की भरली. आणि पेपरात न पाहिलेली कविता किंवा उतारा देऊन त्यावर जे प्रश्न विचारतात, ते सगळ्यात हुकमी मार्क. तिथे मला मॅडमची झेरॉक्सच आठवायची. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय.

पुढच्या वर्षी नेट निघाली. जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) नाही मिळाली, असिस्टंट प्रोफेसरशिपसाठी पात्र झाले. जेआरएफचं बोलायचं तर ती मिळाली तर पीएचडीची चिंता मिटते, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, वयाची अट ३० ची पण मुलींना ५ वर्षांची सूट आहे, हे बऱ्याच मुलींना माहीत नसतं आणि त्या वय गेलं समजून फॉर्मच भरत नाहीत. भरा. आपल्याकडे सेट ही राज्याची तशीच पात्रता परीक्षासुद्धा आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आपलं पुणे विद्यापीठच घेतं, पेपरचा साचा तसाच. दोन्ही देत राहायचं, एकाच अभ्यासात दोन्ही होतं.

नेट निघाली तेव्हा आप्पांनी गावात पेढे वाटले, पोरगी प्रोफेसर झाली म्हणून. पण पात्र होणं आणि जागा मिळणं यात फार अंतर आहे आणि हे मुलांना एमएला ॲडमिशन घेतानाच सांगितलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कायम जागा क्वचित निघतात, मधल्या काळात सीएचबी, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे. मी एका कॉलेजात असं शिकवलं. शिकवणं मला मनापासून आवडायचं, एफवायची पोरं, त्यातली निम्मी माझ्यासारखीच गावाकडून आलेली, त्यांना मी पेन्सिल काढायला लावायचे. पण पैसे कित्येक महिने यायचे नाहीत, सुट्टीत काहीच नाही, आणि पुढच्या वर्षी घेतील की नाही याचा भरवसा नाही. खोलीभाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. पेशावर माझा राग नाही. ज्यांच्या घरी दोनचार वर्षं कळ काढायची सोय आहे त्यांनी जरूर थांबावं, कॉलेजला चांगल्या शिक्षकांची फार गरज आहे. माझ्या घरी ती सोय नव्हती, धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं.

तेव्हा एका मैत्रिणीनं सांगितलं की सायन्सच्या जर्नल्सचे लेख तपासायचं काम असतं, टेस्ट दे. मला वाटलं सायन्सचं काय कळणार. तरी दिली. टेस्ट म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या लेखाची काही पानं, वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दाखवणारी सोय) चालू करून दुरुस्त करायची. ग्रामरच्या चुका तर होत्याच, पण त्या सगळ्यांनाच दिसतात. खरी परीक्षा पुढे होती. सुरुवातीच्या सारांशात ४२ पेशंट लिहिलेले आणि खाली टेबलातल्या दोन रकान्यांची बेरीज केली तर ४१. एका औषधाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं. अर्ध्या लेखात ब्रिटिश स्पेलिंग, अर्ध्यात अमेरिकन. संदर्भाचा नंबर १७ आधी आलेला आणि १६ नंतर. आणि एक वाक्य असं की त्यात 'हे' कशाला म्हटलंय तेच कळत नव्हतं, औषधाला की दुष्परिणामाला. इथे मुख्य गोष्ट ही की आपण ४१ चं ४२ करायचं नाही. आपल्याला माहीत नाही कुठला आकडा खरा. बाजूला कॉमेंट टाकून लेखकाला विचारायचं, टेबलात एकूण ४१ दिसतात, कृपया तपासावे. मला त्या लेखातल्या वैद्यकशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पान वाचता येत होतं. टेस्टला आलेल्यांमध्ये बीएस्सी झालेलेही होते, विषय त्यांना कळत होता, पण बेरीज करून बघायला कुणी सहसा थांबत नाही.

हे काम मी पुढे बरंच केलं. सुरुवातीचा पगार फार नव्हता पण महिन्याला नियमित यायचा. तिथे शिस्त लागली. प्रत्येक जर्नलची स्टाईल वेगळी, कुणाला एपीए, कुणाला शिकागो, आकडे अक्षरात कधी आणि अंकात कधी, आणि मनानं काही करायचं नाही, नियम बघायचा. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सुरुवातीला रुक्ष वाटतं. मला नंतर नंतर त्यात समाधान वाटायला लागलं, कारण तिकडे कुठेतरी एखादा डॉक्टर तो लेख वाचून निर्णय घेणार असतो आणि त्यातला 'हे' नेमका कशाला आहे हे आपण नीट करून दिलेलं असतं.

टेक्निकल रायटिंगकडे वळले ते ऑफिसातल्या एका सीनियर ताईंमुळे, त्या हिंजवडीला गेल्या आणि मला म्हणाल्या, तुझं डोकं या कामाचं आहे, अर्ज कर. मुलाखतीत एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, ज्यानं कधी एटीएम वापरलं नाही त्याच्यासाठी पैसे काढायची पद्धत लिहा. सोपं वाटतं ना? लिहायला बसा. मी आधी तो माणूस ठरवला, आमच्या गावातल्या एखाद्या काकूंसारखा, हातात नवीन कार्ड, मागे रांग. मग एका पायरीत एकच कृती. प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसेल ते, म्हणजे आपण बरोबर चाललोय हे तिला कळेल. आणि पिन टाकताना दुसऱ्या हातानं झाका ही सूचना मी 'पिन टाका' या पायरीच्या आधी लिहिली. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी त्यावरच बोट ठेवून विचारलं, ही वर का? म्हटलं, त्या वाचत वाचत करत जाणार, सगळं वाचून मग करणार नाहीत, खाली लिहिलं तर वाचेपर्यंत पिन टाकून झालेला असेल. पुढचा बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो. कोण बोलतंय आणि कुणाशी, हे एसवायच्या वर्गात शिकलेलं मी तिथे वापरत होते, फक्त कवितेच्या जागी एटीएम होतं.

या कामासाठी इंजिनिअर असावं लागत नाही, पण शिकायची तयारी पाहिजे. सॉफ्टवेअर स्वतः चालवून बघावं लागतं, डेव्हलपरच्या मागे लागून प्रश्न विचारावे लागतात, आणि त्याला वाटतं हे तर सगळ्यांना माहीत असतं, तिथेच थांबवून म्हणावं लागतं की दादा, मला माहीत नाही, म्हणजे वाचणाऱ्यालाही नसेल. शिकायला पैसे लागतात असंही नाही. गूगलचा टेक्निकल रायटिंगचा कोर्स फुकट आहे, मायक्रोसॉफ्टची स्टाईल गाईड नेटवर सगळ्यांसाठी उघडी आहे, मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) एका संध्याकाळी येतं, गिटला (फाईलमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) थोडे दिवस लागतात. हे सगळं टीवायला असताना करता येतं.

माझाच रस्ता चांगला असं अजिबात म्हणणं नाही. माझी रूममेट बीए करतानाच फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या कोर्सला जायची, मग मॅक्स म्युलर भवनला जर्मनच्या बी२ पातळीपर्यंत परीक्षा दिल्या, आणि इंग्लिश अधिक जर्मन या जोडीवर तिला माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा चांगली नोकरी लागली. दुसरी एक बीएडला गेली. तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सीईटी द्यावी लागते, आणि इंग्लिश मीडियमसाठी तिच्यासोबत ईएलसीटी ही इंग्लिशची चाचणी असते ती आपल्याला सोपी जाते, मग टीईटी (आठवीपर्यंत शिकवायची पात्रता परीक्षा), मग सरकारी नाहीतर अनुदानित शाळेसाठी टेट (शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाईट), धीर धरावा लागतो. यूपीएससीला इंग्लिश साहित्य ऑप्शनल घेता येतं, ते सदाशिव पेठेतल्या माझ्या ताईंना तेव्हा सांगायला हवं होतं. मराठी चांगलं असेल तर भाषांतर आहे, सबटायटल आहे, कोर्टात आणि भाषा संचालनालयात अनुवादकाच्या जागा निघतात. मराठी मीडियमची पोरं आपली मराठी लपवतात याचं मला फार वाईट वाटतं. दोन भाषा नीट येणारं माणूस मिळत नाही म्हणून लोक शोधत फिरतायत.

एआयचं सगळेच विचारतात. मी रोज वापरते म्हणून बोलते. पाचशे शब्दांचा कुठल्याही विषयावरचा गुळगुळीत लेख, ज्यावर पूर्वी नवशिक्या पोरांचं पोट चालायचं, ते काम आटलंय, माझ्या डोळ्यांसमोर आटलंय. तपासायचं काम मात्र वाढलंय. मशीननं लिहिलेलं इतकं सफाईदार असतं की ४२ आणि ४१ त्यात आरामात लपतात. सफाईला न भुलता जे वाचतील त्यांना काम आहे.

आता नवीन शैक्षणिक धोरणात बीएच्या चौथ्या वर्षाचा प्रश्न आलाय, तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं करायचं. माझं मत असं, नोकरीकडे जायचं ठरलं असेल तर तीन वर्षं करून बाहेर पडा, किंवा एमए करा, तिथे आता पहिल्याच वर्षी ओजेटी (बाहेर जाऊन प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) असते, ती कागदोपत्री उरकू नका, खरोखर एखाद्या प्रकाशकाकडे किंवा कंपनीत जाऊन करा. संशोधनाची ओढ असेल तर चौथं वर्ष करा, त्यात ७५ टक्के असतील तर एमए न करता नेट देऊन पीएचडीला जाता येतं, जेआरएफही मिळू शकते. पण त्यावर असिस्टंट प्रोफेसरची पात्रता मिळत नाही, त्याला एमए लागतंच. हे नीट समजून घेऊन मग फॉर्म भरा.

आणि एसवायपासूनच कामाचे नमुने जमवायला लागा. कॉलेजच्या अंकातली कविता त्यात नको, म्हणजे लिहा जरूर, पण नोकरीच्या फाईलमध्ये नको. एखाद्या सरकारी वेबसाईटचं गोंधळलेलं पान घेऊन ते सोपं करून लिहा. घरातल्या मिक्सरचं किंवा वॉटर प्युरिफायरचं माहितीपत्रक घ्या आणि आईला समजेल असं मराठीत आणि इंग्लिशमध्ये लिहा, मग खरंच आईला देऊन ती कुठे अडते ते बघा आणि तेवढं परत लिहा. एखादं पान ट्रॅक चेंजेस लावून तपासलेलं ठेवा, मूळ आणि दुरुस्त दोन्ही. असे चारपाच नमुने पुरतात. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा, आधी काय अडत होतं आणि तुम्ही जे बदललं ते का बदललं, कारण मी आता मुलाखती घ्यायला बसते तेव्हा मार्कशीटच्या आधी तेच वाचते.